परत आलेला राजा आणि हातातून सुटणारी सत्ता: दुसऱ्या चार्ल्सबद्दल

प्रश्न असा आला आहे: "इंग्लंडचा दुसरा चार्ल्स रंगेल आणि आळशी राजा म्हणूनच पुस्तकांत भेटतो. मग अशा माणसाने शेवटची चार वर्षं संसद न बोलावता राज्य कसं केलं? ज्या भांडणात बापाचं डोकं गेलं, त्यात मुलगा कसा तरला? त्याने राजसत्ता खरोखर वाचवली, की नुसती वेळ मारून नेली?"

रंगेल तो होताच, त्यावर वाद नको. आळशीही होता, पण सोयीपुरता. कागदपत्रं वाचायचा कंटाळा, बैठकीत बसायचा कंटाळा, मंत्र्यांचं लांबलचक बोलणं ऐकायचा कंटाळा. दोन बाबतींत मात्र मला तो कधी गाफील सापडलेला नाही: संसद कधी भरायची नि कधी उठायची, आणि आपल्या मागे गादीवर कोण बसायचं. बाकी सगळं त्याने कधी ना कधी सोडून दिलं. मंत्री, धोरणं, मित्र, दिलेले शब्द. हा काळ मी पदव्युत्तर वर्गाला बरीच वर्षं शिकवतो आहे, आणि विद्यार्थ्यांना सांगतो की या राजाचं चरित्र बाजूला ठेवा, आधी संसदेच्या अधिवेशनांच्या तारखा मांडा. त्यातून राजा आपोआप दिसू लागतो.

१६६० मध्ये त्याच्या हाती नेमकं काय आलं, तिथून सुरुवात करू. पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद ३० जानेवारी १६४९ चा. पुढे प्रजासत्ताक, संसदेच्या फौजेचा सेनापती क्रॉमवेल याची राजवट, आणि सप्टेंबर १६५८ मध्ये क्रॉमवेल वारल्यावर माजलेला गोंधळ. स्कॉटलंडमधून जनरल मंक फौज घेऊन लंडनला आला आणि राजाला परत आणायची वाट मोकळी झाली. चार्ल्सने एप्रिल १६६० मध्ये हॉलंडमधल्या ब्रेडाहून जाहीरनामा काढला. त्यात चार गोष्टी होत्या: सरसकट माफी, धर्माच्या बाबतीत सौम्यपणा, जप्त झालेल्या जमिनींचा निवाडा आणि फौजेचा थकलेला पगार. खुबी अशी की चारही गोष्टींचा शेवटचा शब्द त्याने संसदेवर सोपवला. आश्वासन राजाचं, ते पाळायची जबाबदारी संसदेची! तिशी पूर्ण झाली त्या दिवशी, २९ मे रोजी, तो लंडनमध्ये शिरला.

त्याला कुठलीही लेखी अट घातली गेली नाही. मंत्री नेमणं, परराष्ट्र व्यवहार, युद्ध आणि तह, न्यायाधीशांच्या नेमणुका, संसद बोलावणं, तहकूब करणं, बरखास्त करणं हे सारे अधिकार राजाकडेच राहिले. लष्करावरचा ताबाही कायद्याने त्याचाच ठरला. पण १६४१ मध्ये त्याच्या बापाने नाइलाजाने ज्या कायद्यांवर सही केली होती ते बहुतेक कायम राहिले. स्टार चेंबर हे राजाच्या हातातलं न्यायालय परत आलं नाही, संसदेच्या संमतीशिवाय कर बसवायची सोय परत आली नाही. थोडक्यात, हुकूम सोडायचा अधिकार राजाचा, पण तो अमलात आणायला लागणारा पैसा संसदेचा. पुढच्या पंचवीस वर्षांचं भांडण या एका फटीतून निघालं.

पैशाचा हिशोब बघा. संसदेने मोठ्या उदारपणे ठरवलं की राजाला वर्षाला १२ लाख पौंड उत्पन्न हवं, आणि त्यासाठी जकात व अबकारी त्याच्या हयातीपुरती लावून दिली. प्रत्यक्षात वसुली त्याच्या खालीच राहिली. मग १६६२ मध्ये चूलपट्टी आली: प्रत्येक चुलीमागे वर्षाला दोन शिलिंग. चुली मोजायच्या म्हणजे सरकारी माणूस थेट घरात शिरणार, स्वयंपाकघरात डोकावणार, धुराडी मोजणार. लोक चुली लिंपून बुजवायचे, तो पुन्हा उकरून बघायचा. राजसत्ता म्हणजे काय, हे सामान्य इंग्रज माणसाला राजवाड्यापेक्षा या मोजणीदारातून जास्त कळलं असावं. त्याच वर्षी क्रॉमवेलच्या काळात जिंकलेलं डंकर्क बंदर राजाने फ्रान्सला विकलं. पैसे आले, पण नाचक्की जास्त झाली.

त्याच सुमाराची एक गोष्ट आपल्या दाराशी येते. पोर्तुगालच्या कॅथरीनशी लग्न ठरलं तेव्हा १६६१ च्या तहात रोख रकमेबरोबर टँजियर आणि मुंबई आंदण म्हणून कबूल झाली. ताबा घ्यायला आलेल्या इंग्रज तुकडीला पोर्तुगीजांनी बेटावर पाऊल ठेवू दिलं नाही. ती माणसं कारवारजवळच्या अंजदीव बेटावर अडकून पडली आणि रोगराईने पटापट मेली. त्यांचा प्रमुख अब्राहम शिपमनही तिथेच वारला. ताबा मिळाला १६६५ मध्ये. तीनच वर्षांत, मार्च १६६८ च्या सनदेने, राजाने मुंबई ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला १० पौंड खंडाने देऊन टाकली. आपल्याकडे हे "मुंबई दहा पौंडांना गेली" असं गमतीने सांगतात. खरं कारण साधं आहे: किल्ला नि शिबंदी पोसायचा खर्च राजाला झेपत नव्हता. स्वतःच्या अखत्यारीतला मुलूखही ज्याला स्वतःच्या खर्चाने राखता येत नाही, तो संसदेशी दोन हात कशाच्या जोरावर करणार?

आता धर्म. १६६१ ते १६७९ टिकलेली संसद राजनिष्ठांची होती. गंमत अशी की ती राजापेक्षा जास्त राजनिष्ठ आणि राजापेक्षा जास्त चर्चनिष्ठ. राजाला कॅथलिक आणि इंग्लंडच्या अधिकृत चर्चबाहेरचे प्रॉटेस्टंट, दोघांनाही थोडी मोकळीक द्यायची होती. थोडी सहानुभूती होती, थोडा हिशोब होता: ज्यांना राजाच्या मेहेरबानीने श्वास घेता येतो, ते राजाचेच होतात. संसदेने हे ओळखलं. तिने उलट दिशेने कायदे केले. नगरपालिकांतून परपंथीयांना हाकललं, हजारांवर पाद्र्यांना पदांवरून काढलं, त्यांच्या सभांवर बंदी घातली. १६६२ च्या डिसेंबरात राजाने सवलतीची घोषणा करून पाहिली, पुढच्या वर्षी संसदेने ती हाणून पाडली. राजाने मुकाट्याने माघार घेतली. हा त्याचा कायमचा हातखंडा: पुढे सरकायचं, अंगावर आलं की मागे यायचं, आणि कुणाला तरी पुढे करून तोफेच्या तोंडी द्यायचं.

पहिला बळी क्लॅरेंडनचा. वनवासातला हा सल्लागार, शिवाय राजाच्या भावाचा सासरा. १६६५ ची प्लेग, १६६६ ची लंडनची आग, आणि जून १६६७ मध्ये डच आरमार मेडवे नदीत घुसून इंग्लंडचं मानाचं जहाज, तेही "रॉयल चार्ल्स" नावाचं, ओढून घेऊन गेलं. पैसे नाहीत म्हणून जहाजं नांगरून ठेवली होती, त्याची ही फळं. लोकांच्या रागाला एक डोकं हवं होतं, राजाने क्लॅरेंडनचं दिलं. म्हातारा देशोधडीला लागला आणि फ्रान्समध्येच वारला.

यानंतर चार्ल्सने आयुष्यातला सर्वांत मोठा जुगार खेळला. १६७० मध्ये डोव्हर इथे फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्याशी गुप्त तह झाला. लुई पैसे देणार, दोघे मिळून डचांवर चालून जाणार, आणि चार्ल्स सोयीची वेळ पाहून आपण कॅथलिक झाल्याचं जाहीर करणार. देशात बंड झालं तर लुई ६ हजार सैनिकही पाठवणार. धर्माचं कलम मोजक्याच माणसांना माहीत होतं. बाकीच्या मंत्र्यांच्या समाधानासाठी ते कलम वगळून दुसरा, दिखाऊ तह करून घेतला! स्वतःच्या मंत्रिमंडळाला खोट्या तहावर सह्या करायला लावणारा राजा आळशी म्हणवत नाही. त्याला खरंच धर्म बदलायचा होता का, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. माझं मत विचाराल तर तो लुईला विश्वासात घेण्यासाठी दिलेला शब्द होता. जाहीर करण्याची "सोयीची वेळ" त्याने पंधरा वर्षं येऊ दिली नाही.

जुगाराचा डाव १६७२ मध्ये उघडा पडला. जानेवारीत खजिन्याने सावकारांची देणी थांबवली. लंडनचे सोनार तेव्हा पेढीवाल्यांचं काम करत, लोकांच्या ठेवी राजाला व्याजाने देत. त्यांचे १० लाखांहून जास्त पौंड अडकले आणि काही पेढ्या बुडाल्या. मार्चमध्ये राजाने स्वतःच्या अधिकारात धार्मिक सवलतीची घोषणा केली आणि लगोलग डचांवर युद्ध पुकारलं. युद्ध झटपट जिंकलं असतं तर पुढचा इतिहास वेगळा झाला असता. ते रखडलं. पैशासाठी १६७३ मध्ये संसद बोलवावी लागली, आणि संसदेने स्पष्ट सांगितलं की आधी घोषणा मागे घ्या, मग पैसे. राजाने ती मागे घेतली. वर टेस्ट कायदा पदरी आला: सरकारी पदावर राहायचं तर इंग्लंडच्या चर्चच्या रीतीने प्रसाद घ्या आणि कॅथलिक मत नाकारा. राजाचा भाऊ जेम्स याने आरमारप्रमुखाचं पद सोडलं आणि साऱ्या देशाला कळलं की गादीचा वारस कॅथलिक आहे.

मधल्या पाच वर्षांत डॅन्बी मुख्य मंत्री होता, त्यांवर फार थांबत नाही. त्याने राजाचा कारभार चर्च आणि जुन्या राजनिष्ठांच्या बाजूला आणून बसवला, संसदेत मतं जुळवली. पण राजाच्या सांगण्यावरून त्याने फ्रान्सकडे पैसे मागणारी पत्रं लिहिली होती, ती डिसेंबर १६७८ मध्ये संसदेत वाचून दाखवली गेली. महाभियोग चालला तर सारं राजापर्यंत पोहोचणार, म्हणून राजाने अठरा वर्षं जपलेली संसद जानेवारी १६७९ मध्ये बरखास्त केली.

त्याच्या आधीच टायटस ओट्स नावाच्या भामट्याने कॅथलिकांच्या कटाची कहाणी रचली होती: राजाला मारून जेम्सला गादीवर बसवणार म्हणे. राजाने स्वतः उलटतपासणी घेऊन त्याला खोटं बोलताना पकडलं. तरीही निरपराध माणसं फासावर जात राहिली आणि राजा त्यांच्या मृत्युदंडावर सह्या करत राहिला. त्याच्या मुत्सद्दीपणाचं कौतुक करणाऱ्यांनी हे पान चाळून पुढे जाऊ नये. लोकांची आग विझेपर्यंत थांबायचं, हे त्याचं तंत्र. त्या थांबण्याची किंमत दुसऱ्यांनी मोजली.

आता तुमच्या प्रश्नाच्या मुळाशी आलो. १६७९ ते १६८१ या दोन वर्षांत तीन संसदा निवडून आल्या. तिन्हींत विरोधकांचा पुढारी शाफ्ट्सबरी याच्या गटाचा, म्हणजे व्हिगांचा, जोर होता आणि तिघींची मागणी एकच: जेम्सला वारसाहक्कातून वगळा. छापखान्यांवरच्या परवान्याचा कायदा नेमका १६७९ मध्ये संपला होता, त्यामुळे पत्रकांचा पूर आला. राजाने काय काय केलं बघा. जेम्सला देशाबाहेर पाठवलं. स्वतःचा लाडका अनौरस मुलगा मॉन्मथ, ज्याला व्हिगांपैकी काही जण पुढे करत होते, त्यालाही दूर केलं, आणि त्याच्या आईशी आपलं लग्न झालंच नव्हतं हे जाहीर करून टाकलं. शाफ्ट्सबरीला थेट सल्लागार मंडळाचा अध्यक्ष केलं, काही महिन्यांत काढून टाकलं. कॅथलिक राजावर वाटेल तेवढी बंधनं घाला, मी मान्य करतो, असंही म्हणाला. फक्त वारसाला हात लावू नका. दुसरी संसद निवडून आल्यावर जवळपास वर्षभर तिची बैठकच होऊ दिली नाही, तारीख पुन्हा पुन्हा पुढे ढकलली.

अखेर १५ नोव्हेंबर १६८० रोजी वगळणुकीचं विधेयक कॉमन्समधून, म्हणजे निवडून आलेल्यांच्या सभागृहातून, उमरावांच्या सभागृहात आलं. राजा स्वतः तिथे हजर राहिला, चर्चा रात्रीपर्यंत चालली तरी हलला नाही. शेकोटीपाशी उभा राहून कोण काय बोलतो ते बघत होता. विधेयकाच्या विरोधात बोलणारा उमराव हॅलिफॅक्स आणि शाफ्ट्सबरी तासन्‌तास एकमेकांना उत्तरं देत राहिले. विधेयक ६३ विरुद्ध ३० मतांनी पडलं. राजा समोर उभा असताना त्याच्या भावाविरुद्ध हात वर करणं किती उमरावांना जमलं असेल, याचा अंदाज तुम्हीच करा.

तिसरी संसद त्याने लंडनमध्ये भरवलीच नाही. लंडन म्हणजे व्हिगांचा गड, शिकाऊ कामगारांचे जमाव, छापखाने. त्याने ऑक्सफर्ड निवडलं, बापाची युद्धकाळातली राजधानी. २१ मार्च १६८१ ला अधिवेशन सुरू झालं. व्हिग पुढारी हत्यारबंद माणसं घेऊन आले, टोप्यांवर पोपविरोधी घोषणांच्या फिती. त्यांचा हिशोब सरळ होता: राजाला पैसे हवेतच, तो वाकणारच. त्यांना माहीत नव्हतं की त्याच सुमाराला राजाने फ्रेंच वकिलाशी तोंडी करार केला होता. लुई तीन वर्षं पैसे पुरवणार होता. कागदावर काही नाही, त्यामुळे डॅन्बीसारखं पत्र सापडायची भीती नाही. चुकीतून शिकलेला माणूस असा वागतो.

२८ मार्चला सकाळी राजा पालखीवजा खुर्चीतून सभागृहाकडे निघाला. मागे एक बंद खुर्ची, तिच्यात राजवस्त्रं आणि मुकुट लपवलेले. संसद बरखास्त करताना राजाने पूर्ण राजवेषात असायची रीत होती, आणि तो वेष दिसला असता तर बेत फुटला असता. आत जाऊन त्याने कपडे बदलले, कॉमन्सना बोलावणं धाडलं. राजा नमला अशा समजुतीने सभासद दाटीवाटीने आत आले, आणि समोर मुकुट घातलेला राजा. एका वाक्यात संसद संपली. आठ दिवसही भरले नव्हते. राजा घोडागाडीत बसून विंडसरला निघून गेला. व्हिगांकडे दुसरा बेतच नव्हता. संसद नाही तर व्यासपीठ नाही, आणि शस्त्र उचलायचं तर १६४२ च्या राजा-संसद यादवीची आठवण असलेले लोक मागे उभे राहणार नाहीत.

या आठवणीकडे लोक दुर्लक्ष करतात. नंतर राजाने जाहीरनामा काढून तो देशभरच्या चर्चमधून वाचून घेतला, सूर असा की पुन्हा तेच यादवीचं वादळ आणू पाहताहेत, मी मात्र कायद्याने चालेन. गावोगावच्या जमीनदारांना पोपपेक्षा यादवीचं भय जास्त वाटू लागलं होतं. राजाच्या बाजूचा टोरी पक्ष राजाने निर्माण केला नाही, या भीतीने केला. राजाने फक्त त्याला मोकळं रान दिलं.

शेवटची चार वर्षं संसदेविना निघाली, त्याचं श्रेय फ्रेंच पैशाला जरा जास्तच दिलं जातं. खरा आधार व्यापाराचा. १६७१ पासून जकातीची वसुली मक्तेदारांकडून काढून सरकारने स्वतःकडे घेतली होती. युद्ध नव्हतं, समुद्री व्यापार वाढत होता, जकात भरभरून येत होती. ज्या हयातीपुरत्या जकातीची १६६० मध्ये कमतरता वाटत होती, तीच आता राजाला संसदेपासून मोकळं करत होती.

दुसरा आधार न्यायालयं. १६६८ पासून न्यायाधीशांच्या नेमणुका "राजाच्या मर्जीपर्यंत" होऊ लागल्या. तरी अडचण होती ती ज्यूरीची. नोव्हेंबर १६८१ मध्ये शाफ्ट्सबरीवरच्या राजद्रोहाच्या आरोपपत्राला लंडनच्या ज्यूरीने दारातूनच परत पाठवलं, कारण ज्यूरी निवडणारे शेरीफ शहराने निवडलेले, म्हणजे व्हिग. राजाने मग ज्यूरीऐवजी शहरालाच न्यायालयात खेचलं. लंडनने बाजारात बेकायदा पट्टी वसूल केली आणि राजाची बदनामी करणारा अर्ज छापला, म्हणून त्याची स्वराज्याची सनद रद्द करा, असा दावा. जून १६८३ मध्ये निकाल राजाच्या बाजूने लागला. बाजारपट्टीच्या निमित्ताने इंग्लंडमधल्या सर्वांत बलाढ्य शहराचं स्वराज्य गेलं! ते पाहून छोट्या शहरांनी आपल्या सनदा आपण होऊन आणून दिल्या; नव्या सनदांत पदाधिकारी काढायचा अधिकार राजाला. संसदेचे बरेच सभासद याच शहरांतून निवडून येत, म्हणजे पुढची संसद आताच घडवून ठेवली जात होती. त्याच वर्षी राजा आणि जेम्सला मारण्याचा राय हाउसचा कट उघड झाला, व्हिग पुढारी विल्यम रसेल आणि अल्जर्नन सिडनी यांची डोकी उडाली, शाफ्ट्सबरी आधीच हॉलंडला पळून तिथे मेला होता.

विशेषाधिकाराची ही तेजी हिंदुस्थानच्या व्यापारालाही भिडली. कंपनीची मक्तेदारी संसदेच्या कायद्यावर उभी नव्हती, राजाच्या सनदेवर होती. सँडिस नावाच्या व्यापाऱ्याने तिला आव्हान दिलं, आणि सरन्यायाधीश जेफ्रीझने १६८५ च्या सुरुवातीला निकाल दिला की असा मक्ता देणं राजाच्या अधिकारातच आहे. इकडे मुंबईत डिसेंबर १६८३ मध्ये रिचर्ड केग्विनने कंपनीविरुद्ध बंड केलं तेही राजाच्या नावाने. मुंबई राजाची, कंपनीची नाही, असं म्हणत. वर्षभर त्याने कारभार केला, संभाजी महाराजांशी तह केला, आणि राजाचा हुकूम व माफी आल्यावर मुंबई सोडून दिली. राजाला त्याची निष्ठा नको होती, कंपनीचा पैसा हवा होता.

कायद्याप्रमाणे तीन वर्षांत एकदा संसद भरायला हवी होती. १६६४ मध्ये राजाने जुना कायदा बदलून घेतला होता, त्या वेळी त्यातली सक्तीची यंत्रणा काढून टाकली होती, फक्त अपेक्षा ठेवली होती. मार्च १६८४ मध्ये मुदत संपली आणि काहीच झालं नाही. वीस वर्षांपूर्वी काढून घेतलेला दात आता चावू शकत नव्हता.

६ फेब्रुवारी १६८५ ला तो वारला. त्याआधीच्या रात्री हडल्स्टन नावाच्या कॅथलिक धर्मगुरूला मागच्या दाराने आणलं. १६५१ मध्ये क्रॉमवेलकडून झालेल्या पराभवानंतर राजाला लपवणाऱ्यांपैकीच हा एक. मरताना राजा कॅथलिक झाला. भाऊ कुरबुरीशिवाय गादीवर बसला.

वाचवली की वेळ मारून नेली? माझं उत्तर असं: वाचवली, पण भाडेतत्त्वावर. चार्ल्सची शेवटची सत्ता टोरी जमीनदार आणि इंग्लंडचं चर्च यांच्या खांद्यावर उभी होती, आणि हे त्याला नीट माहीत होतं. म्हणून कॅथलिकांसाठी उघडपणे त्याने त्या चार वर्षांत बोटही उचललं नाही. जेम्सला वाटलं की सत्ता गादीचीच आहे. १६८५ ची त्याची संसद, भावाने सनदा बदलून घडवलेली, इतकी आज्ञाधारक होती की तिने हयातीपुरतं भरघोस उत्पन्न लावून दिलं. त्याने तीन वर्षांत त्याच टोरींना आणि बिशपांना दुखावलं आणि डिसेंबर १६८८ मध्ये फ्रान्सला पळाला.

नंतरच्या संसदेने चार्ल्सचा कारभार किती बारकाईने वाचला होता, ते तिच्या कायद्यांतून दिसतं. चूलपट्टी १६८९ मध्ये गेली. १६९० मध्ये जेम्सच्या जागी आलेल्या नव्या राजाला जकात मिळाली ती हयातीपुरती नव्हे, चारच वर्षांसाठी. १६९४ मध्ये तीन वर्षांचा कायदा पुन्हा दात लावून आणला. आणि १७०१ मध्ये ठरलं की न्यायाधीश यापुढे राजाच्या मर्जीवर राहणार नाहीत, त्यांची वर्तणूक चांगली असेल तोवर पदावर राहतील.